आपोआप भरणारा तक्ता आणि ताळ्याची रक्कम

जबलपुरातील मराठी माणूस आणि हिशेबाची वही यांचे नाते जुने आहे. नागपूरकर भोसल्यांचा येथील अंमल १८१७ साली संपला, तरी पुढे इंग्रजी कचेऱ्या, रेल्वे, १९०४ साली स्थापन झालेला तोफगाड्यांचा कारखाना आणि विद्युत मंडळ यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे या शहरात येत राहिली. त्यांतील निवृत्त मंडळींकडे आज गृहनिर्माण संस्था, न्यास किंवा शाळा यांचे खजिनदारपद ओघानेच येते. कीर्द-खतावणीची जागा मात्र आता संगणकावरील तक्त्याने घेतली आहे. दरमहा वेतनाची वा मानधनाची यादी त्यात तयार होते आणि ती फाइल बँकेच्या शाखेत दिली जाते.

या तक्त्याचे मोठे आकर्षण म्हणजे तो स्वतः भरतो. एका चौकटीत सूत्र लिहावे, तिचा खालचा कोपरा माऊसने धरून ओढावा, की दोनशे ओळी क्षणात भरतात. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिजिकॅल्क बाजारात आणले, तेव्हापासूनची ही किमया. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे बदलावेत, ही मूळ कल्पना. पुढे लोटस आणि एक्सेल यांनी ती घरोघरी नेली. रात्री जागून व्याजाच्या बेरजा तपासणाऱ्या पिढीला तिचे मोल सांगावे लागत नाही.

परंतु तक्ता आज्ञाधारक असतो, समंजस नसतो. शाखेचा आय.एफ.एस.सी. संकेतांक अकरा स्थानांचा. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे शून्य आणि शेवटची सहा स्थाने शाखेची. सर्व कर्मचाऱ्यांची खाती एकाच शाखेत आहेत म्हणून खजिनदाराने तो एकदा लिहून कोपरा ओढला, तर एक्सेल त्याला चढती मालिका समजते. पहिल्या ओळीत शेवटी ४५६ असेल, तर खाली ४५७, ४५८ असे आकडे उमटत जातात. शिपायाचे वेतन भलत्याच शाखेच्या नावाने निघते आणि यादी दिसायला अगदी निर्दोष असते. खाते क्रमांकाच्या आरंभीची शून्ये हा तक्ता गाळून टाकतो; पंधराहून अधिक अंकी संख्या असेल तर पंधराव्या अंकानंतरचे अंक शून्य करतो. हे टाळण्यासाठी तो रकाना आधी 'मजकूर' म्हणून ठरवावा लागतो, ही साधी गोष्ट पुष्कळांना कोणी सांगितलेलीच नसते.

व्याजाचे उदाहरण याहून बोलके आहे. दर ८ टक्के एका चौकटीत लिहिला आणि सूत्रात त्या चौकटीचा पत्ता डॉलरच्या चिन्हाने पक्का केला नाही, तर खाली ओढताना पत्ताही एकेक घर खाली सरकतो. पहिल्या सभासदाच्या ५०,००० रुपयांवर ४,००० रुपये व्याज येते. दुसऱ्याच्या वाट्याला रिकामी चौकट, म्हणजे शून्य. संगणक कोणतीही तक्रार करीत नाही.

अशा चुका केवळ छोट्या संस्थांत होतात असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. २०१२ साली जे. पी. मॉर्गन या अमेरिकी बँकेला लंडनमधील व्यवहारांत सहा अब्ज डॉलरांहून अधिक तोटा झाला. बँकेच्याच चौकशी अहवालानुसार, जोखीम मोजण्याच्या पद्धतीत हाताने नकलून चालविलेले तक्ते होते आणि एका ठिकाणी सरासरीऐवजी बेरजेने भागाकार झाला होता. तोट्याचे ते एकमेव कारण नव्हते. पण जोखीम कमी दिसली, हे खरे.

मॅक्रोची गोष्ट अधिक नाजूक. ही छोटी आज्ञावली एका कळीसरशी तासाचे काम मिनिटात करते. बहुतेक कार्यालयांत ती एखाद्या हौशी, कुशल अधिकाऱ्याने सुट्टीच्या दिवशी बसून लिहिलेली असते. मग त्याची बदली होते. फाइल मागे राहते, परवलीचा शब्द त्याच्याबरोबर जातो, आणि नवा अधिकारी कळ दाबत राहतो. नियम बदलतो, आज्ञावली बदलत नाही. रिझर्व्ह बँकेने १४ सप्टेंबर २०२० च्या परिपत्रकाने कर्जखात्यांचे वर्गीकरण आणि तरतूद यांची गणना ३० जून २०२१ पर्यंत प्रणालीद्वारेच, मानवी हस्तक्षेपाविना व्हावी असे बँकांना बजावले, त्यामागे हाताने केल्या जाणाऱ्या फेरफारांचीच चिंता होती. ते धोरण योग्यच होते. मात्र शाखेच्या मेजावरील किरकोळ तक्ते त्याच्या कक्षेबाहेर राहतात, आणि ग्राहकाचा दैनंदिन संबंध बहुधा त्यांच्याशीच येतो.

म्हणून मॅक्रो नकोतच, असा सूर काही ज्येष्ठ कर्मचारी लावतात. तो पटण्यासारखा नाही. हाताने लिहिलेल्या यादीतही अंकांची अदलाबदल होतच असे. फरक इतकाच, की जुन्या वहीत चूक एका ओळीत राही. येथे ती दोनशे ओळींत एकाच वेळी पसरते. जुन्या कारकुनाकडे तीवर उपायही होता: उभी बेरीज, आडवी बेरीज आणि दोहोंचा मेळ. तोच उपाय तक्त्यालाही लागू आहे. एकूण ओळी किती, एकूण रक्कम किती, हे फाइलबाहेर कागदावर स्वतंत्रपणे लिहिलेले असावे, सूत्राने आलेले नव्हे. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ओळीचा हिशेब हाताने ताडून पाहावा. मॅक्रो असेल तर तो काय करतो, हे त्याच फाइलच्या पहिल्या पानावर चार ओळींत मराठीत किंवा हिंदीत लिहावे आणि बदलीच्या वेळी कपाटाच्या किल्ल्यांबरोबर ते पानही समजावून द्यावे.

यावर वेळेची सबब पुढे येते. पण एनईएफटीने पाठविलेली रक्कम दीर्घकाळ केवळ खाते क्रमांकावर जमा होत आली आहे. नावाची जुळणी होत नसे. रक्कम पाठविण्यापूर्वी लाभार्थीचे नाव पाहण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत उपलब्ध करून देण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले, ही दिलासा देणारी गोष्ट. तरीही खाते क्रमांकातील एक अंक चुकला आणि पैसे परक्या खात्यात गेले, तर ते परत मिळविण्यासाठी अर्ज, पत्रव्यवहार आणि त्या अनोळखी खातेदाराची संमती यांत आठवडे जातात. मानधनावर घर चालविणाऱ्या शिक्षिकेला तोवर किराणा दुकानदाराकडे उधारी मागावी लागते. ताळ्याची रक्कम जुळवायला लागतात ती दहा मिनिटे.