शिक्षांचे भांडवल

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात काउंटीचा मुख्य सरकारी वकील मतदार निवडून देतात. डॅलस काउंटीत हेन्री वेड १९५१ ते १९८७ अशी छत्तीस वर्षे या पदावर राहिले. फिर्यादी सत्ता जनतेला जबाबदार असावी, हे तत्त्व रास्तच आहे. पण मतदारांपुढे हिशेब कशाचा मांडला गेला? मिळविलेल्या शिक्षांचा!

हे भांडवल साठले कसे? कृष्णवर्णीय, ज्यू आदी अल्पसंख्यांना ज्यूरीवर घेऊ नये, असे या कचेरीचे १९६३ चे परिपत्रक बजावीत होते. १९८६ च्या एका खटल्यात अकरा पात्र कृष्णवर्णीयांपैकी दहांना फिर्यादी पक्षाने वगळले. त्या वर्णभेदापायी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती शिक्षा अवैध ठरविली. १९७७ मध्ये पोलिसाच्या खुनाबद्दल देहान्ताची शिक्षा झालेला एक मनुष्य, दोषसिद्धी रद्द होऊन, बारा वर्षांनी सुटला.

२००७ मध्ये क्रेग वॅटकिन्स या पदावर आले. टेक्सासमधील असे पहिले कृष्णवर्णीय निर्वाचित सरकारी वकील. त्यांनी जुनी दप्तरे उघडली आणि डीएनए चाचण्यांनी वेड यांच्या काळातील अनेक कैदी निर्दोष ठरले. म्हणजे उपायही मतपेटीतूनच आला, असे कोणी म्हणेल. आला खरा, पण वीस वर्षांनी! दरम्यान गजाआड गेलेल्या आयुष्यांचे काय? टेक्सासमध्ये शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला मताधिकार नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच मोजणीतून वगळणारी मतपेटी न्यायाचा हिशेब कसा ठेवणार?