वर्गणीवर चालणारं सॉफ्टवेअर

पाद्यपूजनाची पत्रिका, आगमन सोहळ्याचा बॅनर, पावतीपुस्तकं आणि जाहिरातींनी भरलेला वार्षिक अहवाल. लालबाग-परळमधल्या मध्यम गणेशमंडळालाही दर वर्षी एवढी छपाई लागते. बहुतेक ठिकाणी मंडळाचीच मुलं नोकरीवरून आल्यावर रात्री जागून हे काम करतात. ज्या संगणकावर ती बसतात, त्यावरचं फोटोशॉप विकत घेतलेलं आहे का, हे सहसा कुणी विचारत नाही. आमच्या मंडळाच्या बैठकीत मी विचारलं. अर्थातच ते क्रॅक मारलेलं होतं.

वर्गणीतल्या पै-पैचा हिशोब छापून घरोघरी वाटणाऱ्या मंडळाला हे शोभत नाही, असं मला मनापासून वाटतं. कायदाही स्पष्ट आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 63बीनुसार चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवसांची कैद आणि पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. कमाईसाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं, दंड मात्र करू शकतं. रीतसर घ्यायचं म्हटलं तर 2013मध्ये फोटोशॉपच्या अ‍ॅडोबी कंपनीने नव्या आवृत्त्या भाड्यानेच द्यायला सुरुवात केली. मंडळाचं काम दीड-दोन महिन्यांचं, आणि भाडं थांबलं की सॉफ्टवेअर बंद.

म्हणून आम्ही गिम्प या चित्रं हाताळायच्या सॉफ्टवेअरकडे वळलो. बर्कलीच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी 1995 साली ते लिहायला घेतलं. ते फुकट आहे, आणि त्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो. पण मला त्याचं अप्रूप वाटतं ते मराठीमुळे. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोडमध्ये ‘विसर्जन’ टाईप केलं की वेलांटी ‘व’च्या उजवीकडे जाऊन पडायची आणि रफार वर चढायच्या ऐवजी पाय मोडका ‘र’ मध्येच उभा राहायचा. त्यामुळे डीटीपीवाले वेगळ्या सांकेतिक फाँटमध्ये मजकूर लावत. तो फाँट नसलेल्या संगणकावर सगळा मजकूर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं होऊन उघडतो. कितीतरी मंडळांचे जुने अहवाल आज अशाच फायलींत अडकून पडलेत. गिम्पमध्ये 2004च्या 2.0 आवृत्तीपासून अक्षरजुळणी पँगो नावाच्या मुक्त प्रणालीवर चालते आणि जोडाक्षरं जागच्या जागी बसतात. पँगो आज हार्फबझ नावाच्या ज्या मुक्त कोडवर अवलंबून आहे, तेच आता खुद्द फोटोशॉपही वापरतं. आपल्या वेलांट्या सरळ केल्या त्या फुकट वाटलेल्या कोडने, हे मराठी माणसाने लक्षात ठेवायला हवं.

फाँटचंही तसंच. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले मुक्ता आणि मोदक हे देवनागरी फाँट मुक्त परवान्याखाली मिळतात. गुबगुबीत मोदक बॅनरच्या मथळ्याला झकास दिसतो.

मुलांनी पहिले काही दिवस कुरकुर केली, आणि ती रास्तच होती. फोटोशॉपच्या सवयीने कंट्रोल-डी दाबलं की निवड सुटायच्या ऐवजी चित्राची दुसरी प्रत उघडते. सेव्ह केलं की एक्ससीएफ फाईल होते, जेपीजी हवी तर एक्स्पोर्ट करावं लागतं. फोटोशॉपच्या जुन्या पीएसडी फायली उघडतात, पण त्यांतली अक्षरं चित्र होऊन येतात, बदलता येत नाहीत. खरी अडचण रंगांची. राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला तेव्हा रंगागणिक वेगळा दगड लागे. आजच्या ऑफसेटला चार रंगांच्या चार प्लेट लागतात. गिम्पमधलं काम मात्र पडद्याच्या तीन रंगांतच चालतं. मार्च 2025मध्ये आलेली 3.0 आवृत्ती छपाईच्या या चार रंगांत (सीएमवायके) एक्स्पोर्ट करून देते आणि छपाईत रंग कसा उतरेल तेही आधी दाखवते. ते पाहणं फार गरजेचं, कारण पडद्यावर लखलखणारा शेंदरी कागदावर हमखास विटकरी होतो. अहवालाच्या पानांची मांडणी आम्ही स्क्रायबस या तशाच मुक्त सॉफ्टवेअरमध्ये केली आणि त्याचीच पीडीएफ छापखान्यात दिली.

मोठ्या जाहिरात संस्थेत रोज शेकडो फायली इकडून तिकडे जात असतील तर तिथे फोटोशॉपच लागेल. मंडळाला, चाळीतल्या वाचनालयाला, शाळेच्या अंकाला मात्र गिम्प, रेखाकृतींसाठीचं इंकस्केप आणि स्क्रायबस पुरून उरतात.

फक्त एक करा. ही सॉफ्टवेअरं फुकट मिळत असली तरी ती जगभरच्या लोकांच्या फावल्या वेळावर आणि देणग्यांवर चालतात, जशी आपली मंडळं चालतात. आमच्या यंदाच्या जमाखर्चात ‘सॉफ्टवेअर देणगी’ असा एक रकाना घातला आहे. तुमच्याही मंडळाने तो घालावा, रक्कम पाचशे रुपये असली तरी चालेल.