वेळ कमी करावयाचा, तर वेळ द्यावा

जो विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्रीं सारें पुस्तक घोकूं पाहतो, त्याची जी गत होते, तीच रोज जिवाच्या आकांतानें धांवणाऱ्या नवशिक्या मुलांची होते. हें सांगण्यास निमित्त एका वाचक भगिनींच्या पत्राचें. त्यांची पंधरा वर्षांची पुतणी शाळेच्या क्रॉस-कंट्रीच्या चमूंत आहे. रोज पहाटे घड्याळ लावून ती तीन किलोमीटर पूर्ण जोरानें धांवते. पहिल्या महिन्यांत वेळ झपाट्यानें उतरला. आतां तो उलट वाढत आहे व नडगीहि दुखूं लागली आहे. आजीबाई म्हणतात, हें खूळ सोडून द्यावें, मुलगी रडते. काय करावें?

आमचें उत्तर असें कीं, धांवणें सोडूं नये, रीत बदलावी.

क्रॉस-कंट्री म्हणजे माळरान, शेतवाटा व चढउतार यांवरून धांवण्याची शर्यत. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील शाळांतून ती रूढ झाली. 1912, 1920 व 1924 सालच्या ऑलिंपिक सामन्यांत तिला स्थान होतें. परंतु 1924 साली पॅरिस येथें कडक उन्हांत निघालेल्या 38 धांवपटूंपैकीं केवळ 15 जण शेवटास पोहोंचले, आणि त्यानंतर ती ऑलिंपिकमधून वगळण्यांत आली. या शर्यतींत नुसता जोर पुरत नाहीं. ऊन, भूमि व स्वतःची शक्ति ओळखून पाऊल टाकावें लागतें, हाच त्याचा बोध.

आतां शरीराचा धर्म पाहूं. संथपणें पुष्कळ वेळ धांवल्यानें हृदय प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त लोटूं लागतें आणि स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात. दमसास वाढतो तो यामुळें. परंतु दम जितक्या लवकर वाढतो तितक्या लवकर हाडें व स्नायुबंध बळकट होत नाहींत. त्यांस महिनेच्या महिने लागतात. रोज शर्यत धांवणारीं मुलें नेमकीं येथेंच फसतात. शिवाय बळ वाढतें तें श्रमाच्या वेळीं नव्हे, श्रमानंतरच्या विसाव्यांत. विसावाच दिला नाहीं, तर वाढ कोठून होणार?

म्हणून नवशिक्यानें आठवड्यांतून चार दिवस धांवावें. दोन दिवस वीस ते तीस मिनिटें, सोबत्याशीं पूर्ण वाक्यें बोलतां येतील इतक्याच गतीनें. बोलणें तुटूं लागलें कीं, गति फार झाली असें समजावें. रविवारीं त्याच संथ गतीनें थोडें अधिक. चौथ्या दिवशीं मात्र वेगाचा खेळ करावा: या झाडापासून त्या विजेच्या खांबापर्यंत जोरानें, मग श्वास स्थिर होईपर्यंत सावकाश, असें आठ-दहा वेळां. स्वीडनमधील शिक्षक गोस्टा होल्मेर यांनीं 1930 नंतरच्या दशकांत ही पद्धति बसविली. तिचें ‘फार्टलेक’ हें नांव वेगाचा खेळ याच अर्थाचें आहे. अंतर वाढवावयाचें तें थोडथोडें, आणि वेग व अंतर एकाच आठवड्यांत वाढवूं नयेत.

घड्याळ चार आठवड्यांतून एकदां पाहावें, तेंहि त्याच वाटेवर व त्याच प्रहरीं. चढाच्या वाटेवरील वेळाची सपाट मैदानावरील वेळाशीं तुलना करणें म्हणजे शेराची गजाशीं तुलना करणें होय. शर्यतींत पहिला अर्धा भाग हात राखून धांवावा. आरंभींच्या उत्साहांत मिळविलेले दहा सेकंद शेवटीं तिसांनीं परत द्यावे लागतात. चढावर पावलें आंखूड टाकावींत, उतारावर अंग मागें रेलूं नये.

धीर धरण्याचें उदाहरण आपल्याच प्रांतांत आहे. बीड जिल्ह्यांतील मांडवा गांवचे अविनाश साबळे लहानपणीं सहा किलोमीटर दूरच्या शाळेंत पायीं जात. सैन्यांत गेल्यावर 2015 साली ते क्रॉस-कंट्रींत उतरले, व पुढें तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळले. 2018 साली त्यांनीं 8 मिनिटें 29.80 सेकंदांत धांवून 37 वर्षांचा जुना राष्ट्रीय विक्रम मोडला; 2024 साली त्यांचा वेळ 8 मिनिटें 9.91 सेकंद झाला. म्हणजे वीस सेकंदांहूनहि थोडें कमी मिळविण्यास या असामान्य पुरुषास सहा वर्षें लागलीं! मग आपल्या कन्येनें एका महिन्यानंतर निराश कां व्हावें?

आतां दोन शब्द घरच्या मंडळींस. वाढत्या वयांत आठ ते दहा तास झोंप हवी; पहाटे उठवावयाचें तर रात्रीं लवकर निजवावें. कडक उपवास व जोराची तालीम एका दिवशीं नको. एकादशी हा विसाव्याचा दिवस ठरवावा. शाकाहारी घरांतील मुलींस लोहाचा तुटवडा सहज पडतो. मटकी, डाळी, पालेभाजी, अळीव नित्य असावेत. वर लिंबू पिळावें, आणि जेवणास लागून चहा देऊं नये. मुलीचा मासिक ऋतु कांहीं महिने थांबला, तर ‘धांवणाऱ्या मुलींचें असेंच असावयाचें’ असें समजूं नये. श्रमांच्या मानानें अन्न कमी पडत असल्याची ती खूण असूं शकते, डॉक्टरांस दाखवावें. तसेंच नडगीच्या हाडावर बोट ठेवून दाखवितां येईल अशा एकाच जागीं दुखत असेल, तर धांवणें तत्काळ थांबवून हाड तपासून घ्यावें.

तेव्हां त्या भगिनींनीं पुतणीची नडगी प्रथम दाखवावी, घड्याळ महिनाभर कपाटांत ठेवावें, आणि तिनें संथ धांवावयास आरंभ केला कीं काकांपैकीं कोणी सोबत जावें. आजीबाईंची काळजी खरी आहे आणि मुलीची हौसहि खरी आहे. रीत सुधारली तर दोहोंचाहि मान राहील.