काळ्या पडद्याचे अर्थकारण

सहामाहीचे गुण भरण्याची मुदत दोन दिवसांवर आलेली असावी आणि नेमक्या त्याच सकाळी लॅपटॉपचा पडदा उजळू नये, हा अनुभव शिक्षकवर्गाला आता अपरिचित राहिलेला नाही. बटण दाबताच पंखा फिरल्याचा आवाज येतो, कळफलकावरचा बारीक दिवा लागतो. पडदा मात्र काळाच. यंत्र दुकानात नेले की दोन शब्दांत निकाल लागतो, ‘डिस्प्ले गेला!’ पाठोपाठ जो आकडा सांगितला जातो, तो बहुधा त्या जुन्या यंत्राला बाजारात येणाऱ्या किमतीच्या आसपास असतो. मग गृहस्थ दुरुस्तीचा नाद सोडतो आणि हप्त्यांचा हिशेब करीत घरी परततो.

वस्तुतः ‘डिस्प्ले गेला’ हे निदान नव्हेच. तापाने फणफणलेल्या माणसाला ‘तुम्हाला ताप आहे’ एवढेच सांगून शस्त्रक्रियेचे बिल हाती द्यावे, तसा हा प्रकार आहे. लॅपटॉपचा पडदा ही एक वस्तू नसून साखळी आहे. मदरबोर्डवर चित्र तयार होते. ते एका बारीक केबलमधून, बिजागरीपाशी वळसा घेऊन, झाकणात शिरते. तेथील पॅनेलमधले द्रवस्फटिक ते मांडतात. आणि द्रवस्फटिकांना स्वतःचा प्रकाश नसल्यामुळे त्यांच्यामागे एलईडी दिव्यांची पट्टी सतत तेवत असावी लागते. (ओएलईडी जातीच्या महागड्या पडद्यांत ही पट्टी नसते, पण शाळा-कचेऱ्यांतली बहुतेक यंत्रे अद्याप द्रवस्फटिकांचीच आहेत.) यांपैकी कोणतीही कडी तुटली तरी पाहणाऱ्याला दिसतो तो काळोखच. खर्चात मात्र जमीनअस्मानाचे अंतर पडते. केबल काही शे रुपयांत मिळते, पॅनेलला काही हजार मोजावे लागतात, आणि मदरबोर्डचा खर्च ऐकल्यावर बोलणेच खुंटते.

कोणती कडी तुटली हे ओळखण्यासाठी यंत्र उघडावेही लागत नाही. प्रथम चार्जर काढावा, निघण्याजोगी असल्यास बॅटरीही काढावी आणि चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. साठून राहिलेली वीज निघून गेल्यावर कित्येक यंत्रे मुकाट्याने सुरू होतात. तेवढ्याने भागले नाही तर खोलीत अंधार करून पडद्यावर बॅटरीचा झोत तिरपा टाकावा. अक्षरे अंधूक दिसली, तर चित्र पोहोचते आहे, फक्त मागचा प्रकाश विझला आहे. त्यानंतर यंत्र वर्गातल्या प्रोजेक्टरला किंवा घरच्या टीव्हीला जोडून पाहावे. तेथे चित्र स्वच्छ उमटले तर मदरबोर्डवरचा संशय बहुतांशी फिटतो आणि दोष झाकणाकडच्या बाजूला आहे असे समजावे. तेथेही रेघा आणि ठिपकेच दिसले तर मात्र प्रकरण गंभीर आहे. झाकण सावकाश मागेपुढे करताना चित्र येत-जात असेल तर बिजागरीत रोज दुमडली जाणारी केबल जायबंदी झालेली असते. शाई सांडल्यासारखा डाग किंवा कोळिष्टकासारखी चीर दिसल्यास पॅनेल फुटले, यात वाद नाही. आणखी एक गंमत आहे. झाकण मिटले हे यंत्राला एका लोहचुंबकामुळे कळते. फोनच्या पाकिटातले चुंबक जवळ आले तरी झाकण मिटल्याचा समज करून घेऊन धडधाकट यंत्र पडदा विझवून बसते!

एवढी परीक्षा दहा मिनिटांत होते. ती करून दुकानात शिरणारा गिऱ्हाईक आणि नुसता ‘काही दिसत नाही’ म्हणणारा गिऱ्हाईक यांना एकच भाव सांगितला जात नाही, हे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत उभे राहिलेल्यांना सांगावयास नको. पॅनेल बदलावयाचेच असेल तर जुन्या पॅनेलच्या पाठीवरचा क्रमांक आणि केबलच्या टोकाच्या पिनांची संख्या, तीस की चाळीस, जुळवूनच नवे घ्यावे. काम सुरू होण्यापूर्वी आतील बॅटरीची जोडणी सोडविली जाते की नाही, याकडेही गिऱ्हाइकाने डोळ्यांत तेल घालून पाहावे. वीज चालू असताना केबल काढली-घातली तर मागच्या प्रकाशाला वीज पुरविणारा मदरबोर्डवरचा चिमुकला फ्यूज उडतो. मग नवे पॅनेलही काळेच राहते आणि निकाल फिरतो, ‘आता बोर्डही गेला.’

तथापि सारा दोष कारागिराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. एकेकाळी रेडिओच्या खोक्यातच विद्युतमंडलाचा आराखडा चिकटविलेला सापडे. आज लॅपटॉपचा आराखडा कंपन्या स्वतंत्र कारागिराला सहसा देत नाहीत. तो हातोहाती फिरणाऱ्या प्रतींवर गुजराण करतो. सुटा भाग मिळत नसेल तर तो अख्खे झाकण बदलण्याचा सल्ला देणार, हे ओघानेच आले.

मूळ दुखणे यंत्राच्या रचनेत आहे. ॲपलने २०१६ साली आणलेल्या मॅकबुक प्रोमध्ये पडद्याकडे जाणारी पातळ केबल इतकी आखूड होती की झाकणाच्या उघडझापीने ती झिजू लागली. आधी पडद्याच्या तळाशी रंगमंचावरच्या दिव्यांसारखे कवडसे दिसत, मग प्रकाशच जाई. केबल पडद्यापासून वेगळी करता येत नसल्याने अख्खा पडदा बदलावा लागे. सहा डॉलरच्या भागासाठी सहाशे डॉलरचा खर्च, असा हिशेब अमेरिकेतील ‘आयफिक्सिट’ने जानेवारी २०१९ मध्ये मांडला आणि २०१८ च्या यंत्रात ही केबल दोन मिलिमीटरने वाढविल्याचेही दाखविले. मे २०१९ मध्ये कंपनीने तेरा इंची यंत्रांसाठी विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर केली. तोवर ज्यांनी पदरमोड केली, त्यांना हा दोष आपल्या हाताळणीचाच वाटला असल्यास नवल नाही. रचना यापेक्षा वेगळी असू शकत नाही, असेही नाही. २०२१ पासून विक्रीस आलेल्या ‘फ्रेमवर्क’च्या लॅपटॉपमध्ये पडद्याची चौकट चुंबकांनी बसविलेली असते आणि मालकाला पडदा घरीच बदलता येतो.

फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे केले. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला संकेतस्थळ उघडले आणि दुरुस्ती निर्देशांकाच्या चौकटीचा अहवाल मे २०२५ मध्ये त्याच्या हाती आला. त्यात आरंभ मोबाइल फोन आणि टॅब्लेटपासून करावा, असे सुचविले आहे. फोनची संख्या पाहता हा क्रम समजण्यासारखा आहे. पण फोनवर संस्थेचे हिशेब लिहिले जात नाहीत की प्रबंध टंकले जात नाहीत. लॅपटॉपला मागच्या बाकावर बसवून ठेवण्याचे कारण नाही. आणि तो यादीत येईल तेव्हा ‘डिस्प्ले’ असा एकच भाग मोजून चालणार नाही. केबल, पॅनेल आणि बिजागरी सुटी मिळते काय, किती दिवसांत मिळते आणि कोणत्या किमतीला, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे खोक्यावर छापावयास हवीत.