चार्जर नाकारून सोसायटी सुरक्षित होत नाही

इलेक्ट्रिक मोटार घेतलेल्या सभासदाने पार्किंगमध्ये चार्जर बसवायची परवानगी मागितली, की अनेक सोसायट्यांच्या कमिट्या विषय पुढच्या सर्वसाधारण सभेवर ढकलतात. हे थांबायला हवं. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी 2022 मध्येच घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करायची मुभा दिली. 2024 मध्ये नियम बदलून चार्जिंगसाठी वेगळी जोडणी घेण्याची सोयही केली. वेगळं मीटर लागलं, की ‘त्याच्या गाडीचं बिल आम्ही का भरायचं’ हा वाद उरत नाही.

लोड झेपणार नाही, ही हरकत मात्र खरी आहे. 7 किलोवॉटचे 20 चार्जर एकदम सुरू झाले तर 140 किलोवॉटची मागणी होते आणि जुन्या इमारतीची मुख्य केबल त्या हिशेबाने टाकलेली नसते. पण रोज 40 किलोमीटर धावणाऱ्या छोट्या मोटारीला साधारण 6 युनिट पुरतात. 15 अँपिअरच्या सॉकेटवर तेवढी वीज दोन-अडीच तासांत भरते. रात्रभर पाळीपाळीने वीज दिली, तर बऱ्याच कमी लोडमध्ये भागतं. आगीची भीतीही, विशेषतः बेसमेंटमध्ये, उडवून लावण्यासारखी नाही. पण नकार मिळालेला माणूस खिडकीतून एक्स्टेंशनची वायर खाली सोडतो, तेव्हा धोका कितीतरी वाढतो. स्वतंत्र सर्किट, नीट अर्थिंग, गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर आणि परवानाधारक ठेकेदार, एवढ्या अटी घालून अर्ज मंजूर करा. आणि पहिला अर्ज येण्याआधीच इमारतीचा लोड तपासून घ्या.