सिगारेट पाहुण्यांची, पंचाईत स्टुअर्डची

मा. नौवहन महासंचालक,
भारत सरकार, मुंबई
यांस,

मुंबईहून गोव्याला, लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझवर आता आमच्यासारखी माणसंही जाऊ लागली आहेत. कुणी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला जातं, कुणी ऑफिसच्या ग्रुपबरोबर, कुणी सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिक संघातर्फे. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्र सरकारनं मुंबईतूनच ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केलं. पाच वर्षांत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करायची, असं त्यात म्हटलंय. बॅलार्ड पिअरला नवं टर्मिनलही उभं राहिलं. चांगलंच झालं. पण प्रवासी दुप्पट झाले, की केबिनमध्ये आणि बाल्कनीत चोरून सिगारेट ओढणारेही दुप्पट होणार. त्यांचं काय करायचं हे आपल्या कार्यालयानं ठरवलंय का, हे विचारण्यासाठी हे पत्र.

ओढणाऱ्यांशी माझं वैर नाही. जहाजावर त्यांच्यासाठी डेकवर जागा राखलेली असते, तिथे त्यांनी खुशाल ओढावी. माझा प्रश्न आहे तो जागा असूनही तिथवर चालत न जाणाऱ्यांचा.

गेल्या हिवाळ्यात कुटुंबासह अशाच एका जहाजावर होतो. नाव सांगत नाही, कारण दोष जहाजाचा कमी आणि आम्हा प्रवाशांचा जास्त. शेजारच्या केबिनमध्ये चार-पाच मित्रांचा कंपू उतरला होता. एका सकाळी ते नाश्त्याला गेलेले, दार उघडं, आणि स्टुअर्ड खोली आवरत होता. सहज आत नजर गेली. छतावरच्या स्मोक डिटेक्टरला शॉवर कॅप चढवलेली! न्हाणीघरात पाहुण्यांसाठी ठेवतात ना, इलॅस्टिकची, तीच. अगदी फिट्ट बसली होती. दाराशी ओल्या टॉवेलचा बोळा, बाल्कनीच्या टेबलावर पाण्याची अर्धी बाटली आणि तिच्यात तरंगणारी थोटकं. स्टुअर्ड खुर्चीवर चढला, कॅप काढली, चुरगळून कचऱ्याच्या पिशवीत टाकली. मग न्हाणीघरात जाऊन त्यानं नवी कॅप ठेवली. रोज नवी ठेवायची असा नियमच असतो म्हणे.

पोरगा वेंगुर्ल्याकडचा निघाला. मी विचारलं, “अरे, वर सांगत का नाहीस?” तो हसून म्हणाला, “सांगान काय करू? उद्या रेटिंग माकाच कमी गावतला.”

महोदय, माझी सगळी तक्रार त्या पोराच्या या एका वाक्यात आली. नियम लिहिणारे लिहून मोकळे झाले. तो मोडणाऱ्याला पहिल्यांदा बघतो तो केबिन स्टुअर्ड, आणि त्याची टिप, त्याचं रेटिंग, पुढचं कॉन्ट्रॅक्ट हे सगळं ज्याची तक्रार करायची त्याच पाहुण्याच्या हातात. एसटीच्या कंडक्टरला निदान घंटीची दोरी असते. कुणी बिडी पेटवली, की तो एक घंटी मारतो, गाडी थांबते आणि बाकीचे प्रवासी त्या बिडीवाल्याकडे बघू लागतात. या पोराच्या हातात कुठली दोरी आहे?

एका सिगारेटनं एवढं मोठं लोखंडी जहाज कसं पेटेल, असं ओढणारे हमखास म्हणतात. म्हणून ‘स्टार प्रिन्सेस’ची हकिकत इथे सांगतो. आपल्याला ती ठाऊक आहेच, पण हे पत्र खुलं आहे आणि वाचणाऱ्यांपैकी अनेकांना ती माहीत नसणार. २३ मार्च २००६. कॅरिबियन समुद्रात ग्रँड केमनहून जमैकाच्या माँटेगो बेकडे निघालेलं हे जहाज तेव्हा अवघं चार वर्षांचं होतं. २,६९० प्रवासी, १,१२३ कर्मचारी. पहाटे तीनच्या सुमारास दहाव्या डेकवरच्या एका बाल्कनीत आग दिसली. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेनं चौकशी केली. कुणीतरी टाकलेलं सिगारेटचं थोटूक हेच सर्वांत संभाव्य कारण, असा तिचा निष्कर्ष निघाला. ज्वाळा उठण्याआधी सुमारे वीस मिनिटं ते तिथे नुसतं धुमसत होतं. त्या वीस मिनिटांत कुणाला काही कळलं नाही, कारण बाल्कनी ही ‘बाहेरची’ जागा समजली जायची. तिथे ना डिटेक्टर, ना पाण्याचे फवारे. दोन बाल्कन्यांमधले आडोसे पॉलिकार्बोनेटचे, पायाखालच्या फरशा पॉलियुरेथेनच्या, खुर्च्या प्लॅस्टिकच्या. वारा होताच. काही मिनिटांतच आग वरच्या दोन डेकवर चढली आणि बाजूलाही पसरली. उष्णतेनं बाल्कन्यांच्या काचा फुटल्या आणि ती केबिनमध्ये शिरली. आत मात्र फवारे होते, ते चालले, म्हणून जहाज वाचलं. विझवायला सुमारे दीड तास लागला. ७९ केबिन पार कामातून गेल्या, आणखी २१८ केबिनना आगीची, धुराची किंवा पाण्याची झळ बसली. धुरानं एक प्रवासी दगावला, तेरा जणांवर उपचार करावे लागले.

दगावला तो कदाचित ओढणाराही नसेल. ते थोटूक कुणाचं हेही महत्त्वाचं नाही. जहाज चालत असताना त्याच्या अंगाला घासून वारा जातो, त्यात वरून ‘समुद्रात’ फेकलेलं थोटूक समुद्रात पडेलच असं नाही. ते खालच्या किंवा मागच्या बाल्कनीत शिरतं. कुणी तिथे आंघोळीचा टॉवेल वाळत घातलेला असतो, कुणी पोराचा पोहण्याचा पोशाख. फेकणारा तोवर आत जाऊन झोपलेला असतो.

या आगीनंतर नियम बदलले. समुद्रावरच्या सुरक्षेचा जो आंतरराष्ट्रीय करार, सोलास, त्यात दुरुस्ती होऊन १ जुलै २००८पासून बाल्कनीतलं सामान सहजी पेट न घेणारं असावं, नाहीतर तिथेही फवारे आणि आगीची सूचना देणारी यंत्रणा असावी, असं ठरलं. जुन्या जहाजांनाही ते लागू केलं. म्हणजे खुर्ची-टेबलाचा कायदा सव्वादोन वर्षांत झाला. माणसाच्या हातातल्या सिगारेटचं काय? ज्या कंपनीच्या जहाजाला आग लागली, तिनं बाल्कनीतलं धूम्रपान बंद केलं २०१२मध्ये. बाकीच्या मोठ्या अमेरिकी कंपन्या २०१४मध्ये जाग्या झाल्या. एवढी वर्षं का लागली, तर सिगारेट ओढणारं गिऱ्हाईक तोडायचं नव्हतं.

हे मी हवेतलं बोलत नाही. ‘पॅराडाइज’ नावाचं एक जहाज १९९८मध्ये पाण्यात उतरलं ते पूर्णपणे धूम्रपानमुक्त म्हणून. जहाजाच्या अंगावर सिगारेटवर फुली मारलेलं भलंमोठं चिन्ह रंगवलं होतं. प्रवाशाकडून आधीच सही घ्यायचे. ओढताना सापडला, की २५० डॉलर दंड, आणि पुढच्या बंदरात सामानासकट खाली. घरी जायचं ते स्वखर्चानं. तसे लोक उतरवलेही गेले. म्हणजे कंपनीनं मनात आणलं तर हे जमतं. मग २००४मध्ये ते धोरण गुंडाळलं. न ओढणारे प्रवासी बारमध्ये आणि कॅसिनोत कमी पैसे उडवतात, हे गल्ल्यावर दिसू लागलं होतं. अमेरिकेतल्या कितीतरी जहाजांवर आत बाकी सगळीकडे बंदी आणि कॅसिनोत मुभा, हे गणित तेच.

बाल्कनीत किंवा केबिनमध्ये सापडलात तर आजही अमेरिकी कंपन्या २५० ते ५०० डॉलर लावतात. बिलावर लिहितात ‘केबिन साफ करण्याचा खर्च’. इथेच घोळ आहे. खर्च म्हटलं, की तो भरला की संपलं. चार जणांत वाटून घेतला तर एकेका सिगारेटचं भाडं तेवढं, असा हिशेब करणारे महाभाग मी स्वतः ऐकलेत. आपल्याकडे तर त्याहून आनंद. २००३च्या तंबाखूविरोधी कायद्यानं सार्वजनिक जागी ओढायला बंदी आहे, २ ऑक्टोबर २००८पासून नव्या नियमांनी ती देशभर कडक केली, पण दंड दोनशे रुपयांपर्यंत. जहाजावरच्या एका कॉफीची किंमत याहून फार कमी नसते! आणि परदेशी झेंड्याचं जहाज बारा सागरी मैलांपलीकडे गेलं, की हे दोनशे तरी लागू होतात का, यावर वकील वाद घालतील. “आता आपण भारताच्या बाहेर आहोत, कसला कायदा!” असं डेकवर छाती काढून सांगणारे प्रत्येक फेरीत असतात. कॅसिनो उघडला, की त्यांना ते आणखी पटतं. ई-सिगारेटची विक्री, आयात, साठवणूक आपल्याकडे २०१९पासून बंद आहे, तरी ती खिशातून निघतेच. वर “हा धूर नाही, वाफ आहे” हे ऐकवलं जातं.

म्हणूनच हे पत्र आरोग्य खात्याला न लिहिता आपल्याला लिहितो आहे. जहाजावर सिगारेटचा प्रश्न फुप्फुसाच्या आधी आगीचा आहे, आणि आग हा आपला विषय आहे. भर समुद्रात अग्निशमन दलाची गाडी येत नाही. जहाजाचं दल म्हणजे जहाजाचेच कर्मचारी. वेंगुर्ल्याच्या त्या पोरानं सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदणीपुस्तक, काढण्यापूर्वी आपल्याच मान्यतेच्या संस्थेत आग विझवण्याचा कोर्स केला असेल, धुरानं भरलेल्या खोलीत श्वासयंत्र लावून सरपटला असेल. केबिनमध्ये खरोखर आग लागली, तर होज घेऊन जाणाऱ्यांत तो असेल, नाहीतर प्रवाशांना जिन्यानं खाली नेणाऱ्यांत. जीव धोक्यात त्यानं घालायचा आणि त्याच आगीची आगाऊ खबर द्यायला त्यानंच घाबरायचं, ही व्यवस्था कुणी लावली?

मुंबईला हे कुणी शिकवायला नको. ५ एप्रिलला आपण राष्ट्रीय सागरी दिन साजरा करता, १९१९मध्ये याच बंदरातून ‘एसएस लॉयल्टी’ लंडनला निघाली म्हणून. त्यानंतर नऊच दिवसांनी, १४ एप्रिलला, अग्निशमन सेवा दिन येतो, तो १९४४मध्ये व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ फुटली म्हणून. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि दारूगोळाही. पहिली ठिणगी कशाची, याची चर्चा निघाली की बेफिकिरीनं टाकलेल्या थोटकाचं नाव अजूनही निघतं. गोदीत गेलेल्या अग्निशमन जवानांना आपण दरवर्षी फुलं वाहतो.

तेव्हा मागणं असं आहे. भारतीय बंदरातून प्रवासी घेऊन सुटणाऱ्या प्रत्येक जहाजानं, झेंडा कुठलाही असो, मनाई असलेल्या जागी धूम्रपान केल्याची किंवा डिटेक्टर झाकल्याची प्रत्येक घटना सुरक्षा नोंदवहीत लिहावी, आणि बंदरात तपासणीला गेलेल्या आपल्या सर्वेक्षकांनी ती वही मागून बघावी. ‘एकही घटना नाही’ असं लिहिलेलं जहाज दिसलं, तर त्यांनी जरा जास्तच कसून तपासावं, कारण तसं जहाज अरबी समुद्रात तरी नसावं. डिटेक्टर झाकणं हा गुन्हा सिगारेटपेक्षा मोठा धरावा. ओढणारा निदान स्वतःची हौस भागवतो, डिटेक्टर झाकणारा शेजारच्या केबिनमधल्या म्हातारीचा जीव टांगणीला लावतो. त्याला दंडावर सोडू नये. मुरगावला जहाज लागलं, की त्याला तिथे उतरवावं. गोव्याहून मुंबईला यायला रेल्वे आहे, बस आहे.

स्टुअर्डनं दिलेल्या खबरेची नोंद सुरक्षा अधिकाऱ्याच्या नावानं व्हावी, आणि त्या केबिनचं रेटिंग स्टुअर्डच्या खात्यात धरूच नये. याला एक पैसा लागत नाही. जहाज कंपन्या ‘आमचा अंतर्गत मामला’ म्हणतील. म्हणू देत.

ओढणाऱ्यांच्या बाजूनंही एक सांगतो. त्यांची राखीव जागा बहुतेकदा उघड्यावर, भर वाऱ्यात, केबिनपासून दोन जिने वर. रात्री दोनला तिथे कोण जाणार? आडोसा, वाळूची भांडी, बसायला बाक, रात्रभर दिवा, एवढं दिलं, तर निम्मे लोक आपण होऊन तिकडे जातील. उरलेल्यांसाठी नियम आहेतच.

राहता राहिलं मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात काय करायचं याची कवायत. २०१२मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ कलंडली, त्यानंतर बदललेल्या नियमांनुसार जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या ते घ्यावंच लागतं. लाइफजॅकेट कसं घालायचं ते इंग्रजीत ऐकत आमचे लोक एका हातानं सेल्फी काढत असतात. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर हे मराठी, हिंदी आणि गुजरातीत सांगायला हवं, आणि त्यात ‘स्टार प्रिन्सेस’ची बाल्कनी दोन मिनिटं पडद्यावर दाखवावी. जळालेल्या केबिनची छायाचित्रं चौकशी अहवालात आहेत.

पावसाळा संपून पुढचा मोसम सुरू होण्यापूर्वी एवढं परिपत्रक निघालं, तर बरं होईल. काढायला अडचण असेल, तर ती कोणती, तेवढं तरी कळवावं.

कळावे,
आपला,
एक क्रूझ प्रवासी, ठाणे