देखणेपणा आणि भक्कमपणा

२०१८ साली रेल्वे मंत्रालयाने देशातील सुशोभित स्थानकांची क्रमवारी लावली, तेव्हा बल्लारशाह आणि चंद्रपूर या दोन स्थानकांना मिळून पहिला क्रमांक लाभला. भिंतींवर रंगविलेले ताडोबाचे वाघ आणि अरण्य पाहून प्रवासी थबकत, आणि आम्हा बल्लारपूरकरांची मान थोडी ताठ होई. पुढे साडेचार वर्षांनी, २७ नोव्हेंबर २०२२ रोजी सायंकाळी, याच बल्लारशाह स्थानकावरील पादचारी पुलाचा एक भाग कोसळला. गाडी गाठण्याच्या घाईत असलेले प्रवासी सुमारे वीस फूट खाली रुळांवर पडले. एका महिलेचा मृत्यू झाला आणि डझनभर माणसे जखमी झाली.

चित्रे काढली म्हणून पूल पडला, असे कोणी म्हणणार नाही. परंतु सार्वजनिक पैसा कोणत्या कामाकडे सहज वळतो आणि कोणत्या कामाकडे वळत नाही, याचा विचार या दोन घटना शेजारी ठेवून अवश्य केला पाहिजे. रंगकाम दिसते, त्याचे उद्घाटन होते, छायाचित्र निघते. सांध्यात शिरलेला गंज दिसत नाही आणि तो काढून टाकल्याचा समारंभही होत नाही. शिवाय देखभालीचे यश म्हणजे काहीच न घडणे. जे घडले नाही त्याचे श्रेय कोणी कोणास द्यावे? म्हणून अंदाजपत्रकात कात्री लावण्याची वेळ आली की ती प्रथम डागडुजीवर चालते. अपघातानंतर दिली जाणारी भरपाई मात्र औदार्य म्हणून जाहीर होते. वस्तुतः तो टाळलेल्या खर्चाचाच चढा हप्ता असतो.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न पुलापुरता मर्यादित नाही. येथे धोका पायाखालीही आहे. २६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर पाहता पाहता साठ-सत्तर फूट जमिनीत गडप झाले. हादरा जाणवताच घरातील माणसे बाहेर धावली म्हणून वाचली. ती वस्ती जुन्या भूमिगत कोळसा खाणीवर उभी होती. कोळसा काढल्यावर राहिलेली पोकळी वाळूने भरावयाची असते. ती नीट भरली नाही अथवा आधाराचे खांब खचले, तर वरच्या घराचा पाया कितीही मजबूत असला तरी व्यर्थ होय. पावसाळ्यात वर्धा आणि इरई फुगल्या की दुसरा धोका दाराशी येतो. जुलै २०२२ च्या पुरात चंद्रपूरच्या रहमतनगरसारख्या नदीकाठच्या वस्त्यांनी तो अनुभवला.

अशा जागी माणसे घरे का बांधतात? त्यांना अक्कल नसते म्हणून नव्हे, तर भूखंड स्वस्त मिळतो म्हणून. बाजाराला धोक्याची किंमत कळते आणि तो ती किमतीतून वजाही करतो. फक्त ही वजावट कशाबद्दल आहे, हे विकणाऱ्यास ठाऊक असते आणि घेणाऱ्यास बहुधा नसते. कारकून आयुष्याची बचत घालून प्लॉट घेतो, तेव्हा त्याखालील खाणीचा नकाशा त्याला कोणी दाखवीत नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ज्याला माहितीची विषमता म्हणतात, ती येथे जिवावर बेतते.

भूकंपाची आपल्याला भीती नाही, अशीही एक समजूत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत किल्लारीकरांचीही तीच होती. त्या वेळच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड धाबे, अशा घरांनीच हजारो झोपलेल्या माणसांना गाडले. ४ डिसेंबर २०२४ रोजी तेलंगणातील मुलुगूजवळ ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याचे धक्के गडचिरोली-चंद्रपूरपर्यंत जाणवले. हानी टळली, इशारा मिळाला.

राहिला घातपाताचा प्रश्न. २६ नोव्हेंबर २००८ नंतर सुरक्षिततेची आपली कल्पना धातुशोधक चौकट, उंच कुंपण आणि एकच उघडे फाटक एवढ्यावर येऊन ठेपली. परंतु जे फाटक परक्याला आत येऊ देत नाही, तेच आग लागल्यावर आपल्या माणसांना बाहेर जाऊ देत नाही. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ जणांचा बळी गेला, तो बाहेर पडण्याच्या वाटा अडलेल्या होत्या म्हणून. शाळा-महाविद्यालयांच्या मागील दारांना लागलेली कुलपे पाहिली की याची आठवण होते. चोर, आग, पूर आणि भूकंप यांचा एकत्र विचार करून आराखडा आखला जावा. एकाचा बंदोबस्त दुसऱ्याला वाट करून देणारा नसावा.

कायदे व मानके नाहीत, अशी तक्रार करता येणार नाही. राष्ट्रीय इमारत संहिता १९७० पासून आहे आणि २०१६ मध्ये ती नव्याने सुधारली गेली. तपासणीही होते, पण मुंबईत १४ मार्च २०१९ रोजी कोसळलेला हिमालय पूल तपासणीत किरकोळ दुरुस्तीपुरताच सदोष ठरला होता. तेव्हा तपासणी करणारा स्वतंत्र हवा आणि त्याचा निष्कर्ष लोकांसमोर हवा. प्रत्येक सार्वजनिक इमारतीच्या व पुलाच्या दर्शनी भागी ती केव्हा बांधली, शेवटची तपासणी कोणी व केव्हा केली, काय आढळले आणि पुढील तपासणी केव्हा, एवढी पाटी लावावी. पूररेषा आणि जुन्या खाणींचे नकाशे नगरपालिकेच्या कार्यालयात सर्वांना पाहता येतील असे टांगावेत. देखभालीचा निधी अंदाजपत्रकात स्वतंत्र ठेवून तो अन्यत्र वळविण्यास मज्जाव करावा. यास फार पैसा लागत नाही. लागते ती हिशेब उघडा ठेवण्याची तयारी.

गोंड राजांनी चंद्रपूरभोवती परकोट उभारला, तो शत्रूला अडविण्यासाठी. आज शतके लोटली तरी तो उभा आहे. त्यांच्या कारागिरांना नक्षी येत नव्हती असे नव्हे. वेशींवरचे हत्ती-सिंह अजून त्याची साक्ष देतात. पण ते शिल्प भक्कम दगडावर कोरलेले होते. आपणही स्थानकांवर वाघ अवश्य रंगवावेत. मात्र त्याआधी, ज्या पुलावरून चालत जाऊन ते पाहावयाचे, तो पूल एकदा तपासून घ्यावा.